विश्लेषण : देव्हाऱ्यातला ‘चारमिनार’ रुपया लाखाचा की हजाराचा? जुन्या नाण्यांची किंमत कशी ठरते?

‘वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे आहे? मग तुम्ही लखपती झालात’, ‘जुन्या नाण्याला पाच लाख, आजच फोन करा’… अशा चित्रफिती मोबाइलवर सतत फिरत असतात. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या इस्लापूर, किनवट, हिमायतनगर परिसरात त्यांना जरा जास्तच कान दिला जातो. कारण इथल्या जुन्या घरांत, देव्हाऱ्यात किंवा आजीच्या गाठोड्यात निजामाच्या काळातली चांदीची नाणी खरोखरच असतात. नाणे घरात असते, पण ते वाचता येत नाही. मग एक तर लाखाच्या आशेने कुणाला तरी ‘नोंदणी शुल्क’ पाठवले जाते, नाही तर अडीनडीला ते न पाहताच सराफाच्या काट्यावर मोडीत जाते. दोन्हीकडे नुकसान घरच्यांचेच. म्हणूनच नाणे कसे ओळखायचे, त्याची प्रत कशी ठरते, टांकसाळीची चूक म्हणजे नेमके काय आणि किंमत कशावरून निघते, हे समजून घेणे गरजेचे आहे.

इस्लापूरच्या घरांत दोन प्रकारचे रुपये का सापडतात?

इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्यावर उभे राहिले की पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा आणि पलीकडे विदर्भ दिसतो. आज हा फक्त विभागांचा फरक आहे. स्वातंत्र्यापूर्वी मात्र ही दोन चलनांची सीमा होती. अलीकडे हैदराबाद संस्थान आणि त्याचा ‘हाली’ रुपया, पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड १८५३च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि तिथे इंग्रजी ‘कलदार’ रुपया चालू लागला. बाजारहाट, सोयरिकी आणि जनावरांची खरेदी-विक्री नदीच्या दोन्ही काठांवर चाले. त्यामुळे एकाच गाठोड्यात चारमिनारचा रुपया आणि राजाच्या मुखवट्याचा रुपया सोबत सापडणे इथे नवलाचे नाही.

ही शब्दांची जोडीही पाहण्यासारखी आहे. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. आपला ‘हल्ली’ हा शब्द याच मुळापासून आलेला. कल म्हणजे यंत्र, म्हणून कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. इस्लापूरचा तेव्हाचा पत्ताही आजचा नव्हता. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यात आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ असा त्याचा उल्लेख आहे. त्याच कायद्याने हे मंडळ आणि किनवट तालुका मुंबई राज्यात आला. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद मुक्त झाल्यावरही हाली रुपया लगेच गेला नाही. १९५०पासून भारतीय रुपया त्याच्या सोबत चालू लागला, १९५१मध्ये हालीचे नवे चलन थांबले आणि १९५९मध्ये तो पूर्णपणे बाद झाला. आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांना म्हणूनच हाली आणि कलदार हे शब्द ओळखीचे वाटतात.

सात हाली म्हणजे सहा कलदार, हे गणित कुठून आले?

जुन्या हिशेबांत १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा दर आढळतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा अर्थ सरळ आहे : सात हाली बरोबर सहा कलदार. त्याचे मूळ चांदीत आहे.

कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात साधारण ९१.७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. चारमिनारचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८१.८ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. आता सात हालीची चांदी मोजा : ६४ ग्रॅम. सहा कलदारची मोजा : तीही ६४ ग्रॅमच्या आसपास. बाजारातला दर हा चांदीचाच दर होता.

नाण्याची किंमत काढण्याची पहिली पायरीही हीच आहे. समजा, हिशेबाला सोपे म्हणून, चांदीचा भाव किलोला एक लाख रुपये आहे. मग ग्रॅमला शंभर रुपये पडतात. कलदार रुपयात १,०६९ रुपयांची आणि हाली रुपयात ९१४ रुपयांची चांदी झाली. भाव वर-खाली झाला की त्या प्रमाणात आकडा बदलायचा. याला धातुमूल्य म्हणतात. चांदीच्या नाण्याच्या किमतीचा हा तळ. त्याच्यावर काही मिळेल की नाही, हे पुढच्या गोष्टींवर ठरते.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक जुना रुपया चांदीचा नसतो. दुसऱ्या महायुद्धात चांदीचा तुटवडा झाला आणि १९४०पासून कलदार रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली. म्हणजे शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. हाली रुपयातली चांदीही युद्धकाळात घटवली गेली. १९४७चा वाघाच्या चित्राचा रुपया तर निव्वळ निकेलचा. त्याला लोहचुंबक लावला की तो चिकटतो. चांदी चिकटत नाही. घरच्या घरी करता येण्याजोगी ही सगळ्यात सोपी चाचणी.

निजामाचे नाणे वाचायचे कसे?

उर्दू-फारसी येत नसली तरी चार खुणा ओळखता येतात.

पहिली खूण चारमिनार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रावर पाडलेल्या हाली नाण्यांवर हे चित्र आले. त्याआधीची बहुतेक नाणी हाताने ठोकलेली आहेत. ती जाडसर आणि थोडी वेडीवाकडी असतात, त्यांच्यावर फक्त अक्षरे असतात.

दुसरी खूण चारमिनारच्या मधल्या कमानीत आहे. तिथे एकच अक्षर असते. ‘मीम’ असेल तर ते नाणे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे (१८६९ ते १९११). ‘ऐन’ असेल तर सातवे आणि शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे. मीम हे अक्षर गाठ मारून शेपूट सोडल्यासारखे दिसते, तर ऐन उघड्या तोंडाच्या आकड्यासारखे. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या काही नाण्यांवर हे ऐन अर्धेच आहे, नंतर ते पूर्ण येते. संग्राहक हे दोन स्वतंत्र प्रकार मानतात. म्हणून भिंग घेऊन कमान बघणे फायद्याचे.

तिसरी खूण साल. ते हिजरी असते, पण आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, तर आठ त्याच्या उलटा, घराच्या छपरासारखा. सालातून तीन टक्के वजा करून ६२२ मिळवले की इसवी सन अंदाजे निघतो. समजा नाण्यावर १३३७ आहे. तीन टक्के म्हणजे ४०. उरले १२९७. त्यात ६२२ मिळवले की १९१९. प्रत्यक्षात हे हिजरी वर्ष १९१८-१९मध्ये येते. एखाद वर्षाचा फरक चालतो.

चौथी खूण मागच्या बाजूला. मध्यभागी नाण्याचे मूल्य आणि भोवती ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ असा टांकसाळीचा मानाचा उल्लेख. रुपयाखेरीज आठ आणे, चार आणे, दोन आणे अशी छोटी चांदीची नाणी आणि तांब्याच्या जातीची पै-पैशाची नाणीही होती. तांब्याच्या नाण्यांवर चारमिनारऐवजी वळणदार अक्षरांचा ‘तुघरा’ दिसतो.

कलदार रुपयात काय पाहायचे?

इथे साल इंग्रजीत असते, पण त्यातही फसगत होते. १८६२चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया म्हणजे फार दुर्मीळ, असा समज आहे. वस्तुतः १८६२ हेच साल कायम ठेवून पुढे जवळपास १२ वर्षे हे रुपये पाडले गेले. त्यामुळे ते मुबलक आहेत. १८७७पासून तिच्या नावानंतर ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ येते.

साल खरोखर महत्त्वाचे ठरलेली दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. एक १९११चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगावरच्या झग्यात हत्तीचे छोटे चित्र होते. पण सोंड आणि पाय असे कोरले गेले की लोकांना ते डुक्कर वाटले. असंतोष वाढल्यावर नाणे मागे घेण्यात आले. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, त्यांतली सुमारे सात लाखच बाहेर आली, बाकीची वितळवली. १९१२पासून हत्ती नीट कोरला गेला. आजही हे नाणे ‘डुकराचा रुपया’ म्हणूनच ओळखले जाते. दुसरे उदाहरण १९३९चा सहाव्या जॉर्जचा रुपया. तो फारच कमी सापडतो. त्यामुळेच त्याच्या नकला आणि सालातला आकडा बदललेली नाणी बाजारात येतात. १९३९चा रुपया हाती लागला, तर आनंदाआधी संशय घ्यावा आणि भिंगाखाली ‘९’ तपासावा.

‘प्रत’ म्हणजे काय आणि तिला एवढे महत्त्व का?

एकाच साच्याची, एकाच सालाची दोन नाणी एकाच दिवशी विकली गेली आणि एकाला दुसऱ्याच्या कितीतरी पट किंमत आली, असे लिलावात नेहमी घडते. फरक असतो तो प्रतीचा, म्हणजे ग्रेडचा.

नाणे हातोहाती फिरते तसे त्याचे सर्वांत उंच भाग आधी झिजतात. म्हणून प्रत ठरवताना तेच पाहतात. चारमिनारच्या नाण्यावर मिनारांची टोके आणि कमानीतले अक्षर. कलदारवर मुकुटाची नक्षी, राजाची भुवई, कान आणि झग्यावरचा हत्ती. हे सगळे रेखीव असेल आणि नाणे दिव्याखाली फिरवल्यावर चकाकीचा पट्टा त्याच्यावर चाकाच्या आऱ्यांसारखा फिरत असेल, तर ते चलनात न आलेले, म्हणजे ‘अनसर्क्युलेटेड’. त्याखाली ‘एक्स्ट्रा फाइन’ : फक्त टोकांवर किंचित झीज. मग ‘व्हेरी फाइन’ : झीज दिसते, पण नक्षी बहुतेक शाबूत. ‘फाइन’ : नक्षी सपाट, अक्षरे मात्र स्पष्ट. त्याखालच्या प्रतींत फक्त आकार आणि साल ओळखू येते.

जगभर आज १ ते ७० गुणांची पट्टी वापरतात. तिचे मूळ विल्यम शेल्डन या अमेरिकी अभ्यासकाच्या १९४९च्या पुस्तकात आहे. सर्वांत खराब नाण्याच्या ७० पट किंमत सर्वांत उत्तम नाण्याला मिळते, असा त्यांचा साधारण हिशेब होता. किमतीचा तो हिशेब केव्हाच मागे पडला, पट्टी मात्र राहिली. ६० ते ७० गुण चलनात न आलेल्या नाण्यांना. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था नाणे तपासून, गुण देऊन ते प्लास्टिकच्या सीलबंद डबीत ठेवतात. याचे शुल्क लागते. म्हणून सामान्य प्रतीच्या नाण्यासाठी हा खटाटोप परवडत नाही. दुर्मीळ नाण्यासाठीच तो करावा.

नाणे घासू नये, असे का सांगतात?

आपल्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा रुपया चिंच, लिंबू किंवा राखेने घासून लख्ख करण्याची रीत आहे. घासताना चांदीचा वरचा अतिशय पातळ थर निघून जातो आणि बारीक ओरखडे पडतात. मूळची चकाकी एकदा गेली की ती परत आणता येत नाही. चांदीवर चढलेली काळसर-निळी छटा संग्राहकाला दोष वाटत नाही. उलट ‘या नाण्याला कुणी हात लावलेला नाही’ याची ती साक्ष असते. लख्ख घासलेले नाणे जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो.

हेच दागिन्यातल्या नाण्यांचे. तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांच्या जुन्या दागिन्यांत रुपये आणि अधेल्या गुंफलेल्या दिसतात. कडी डाखलेले किंवा भोक पाडलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने जखमी असते. सुटे करून विकले तर फार तर चांदीचे मोल मिळते. अखंड दागिना म्हणून त्याचे मोल वेगळे असते आणि बहुतेक वेळा जास्त. तो मोडण्याआधी हा विचार जरूर करावा. मात्र युद्धकाळात पाडलेला मधोमध भोकाचा तांब्याचा पैसा मुळातच तसा आहे, तो खराब झालेला नाही.

पूजेचा रुपया पूजेतच राहणार असेल, तर प्रश्नच नाही. पण विकण्याचा विचार असेल तर घासू नये, कडेने धरावा, साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये. काही मऊ प्लास्टिकमधून निघणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. नाण्यांसाठी मिळणारी पुठ्ठ्याची चौकट किंवा कोरडा, स्वच्छ कागद बरा.

टांकसाळीची चूक म्हणजे नेमके काय?

‘एरर’ नाण्यांचा बाजार स्वतंत्र आहे आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. चूक कळण्यासाठी नाणे कसे बनते हे माहीत हवे. धातूच्या पट्टीतून गोल कोऱ्या चकत्या कापतात. त्यांची कड थोडी उचलतात. मग चकती एका कड्यात बसते आणि वर-खाली असलेल्या दोन ठशांमध्ये एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. या प्रत्येक टप्प्यावर चूक होऊ शकते.

चकतीच्या टप्प्यावर : पट्टीत आधी पडलेल्या भोकावरच पुन्हा कापले गेले, तर चकतीची कड चंद्रकोरीसारखी तुटलेली येते. दुसऱ्याच मूल्याची चकती यंत्रात शिरली, तर नाण्याचे वजन चुकते.

ठशाच्या टप्प्यावर : ठशाला तडा गेला की नाण्यावर उंचवट्याची रेघ येते. ठसा सैल होऊन फिरला, तर एका बाजूच्या तुलनेत दुसरी बाजू तिरकी येते. दोन वेगळ्या नाण्यांचे ठसे एकत्र लागले, तर ‘म्यूल’ नाणे तयार होते.

दाबाच्या टप्प्यावर : चकती नीट बसली नाही, तर चित्र एका बाजूला सरकते, एक पट्टा कोराच राहतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्यावर त्याचाच उलटा, खोलगट ठसा येतो. याला ‘ब्रॉकेज’ म्हणतात.

फिरलेला ठसा घरीच तपासता येतो. भारतीय नाणे समोर सरळ धरा आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे डावीकडून उजवीकडे फिरवा. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. पाच-दहा अंशांच्या तिरकेपणाला फारसे कुणी विचारत नाही. नव्वद किंवा १८० अंश फिरलेले असेल, तर संग्राहक थांबून बघतो.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. हाताने ठोकलेल्या जुन्या नाण्यांवर चित्र सरकलेले असणे ही चूक नव्हे. तिथे ठसा चकतीपेक्षा मोठाच असे, त्यामुळे अर्धीमुर्धी अक्षरे बाहेर जाणे हीच रीत होती. सरकलेले चित्र चूक ठरते ते यंत्राच्या नाण्यावर.

सालाखालचा तारा म्हणजे चूक की खजिना?

दोन्ही नाही. ती टांकसाळीची खूण आहे. मुंबईची खूण चौकट, नोएडाची ठिपका, हैदराबादची पाच टोकांचा तारा आणि कोलकात्याला खूणच नाही. इस्लापूर परिसरात ताऱ्याची नाणी भरपूर सापडतात, यात आश्चर्य नाही. निजामाची सैफाबादची टांकसाळ संस्थान विलीन झाल्यावर भारत सरकारकडे आली आणि १९९७मध्ये हैदराबादजवळच्या चेर्लापल्लीला गेली. चारमिनारचा रुपया आणि खिशातला ताऱ्याचा रुपया हे एकाच घराण्याचे म्हणायचे. पण नुसता तारा आहे म्हणून नाणे महाग होत नाही. एखाद्या विशिष्ट सालाचे, विशिष्ट टांकसाळीचे नाणे कमी निघाले असेल, तेव्हाच खुणेला भाव येतो. १९८५च्या रुपयावरचे ‘एच’ हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण आहे. त्या वर्षी नाणी परदेशातून करून आणली होती. तेही चूक नाही.

खरी चूक आणि ‘केलेली’ चूक कशी ओळखायची?

चुकांना भाव येतो म्हटल्यावर चुका करणारेही आले. कानस, ॲसिड आणि लोखंडी शिकंजा एवढ्यावर हा धंदा चालतो. तपासायला एक भिंग आणि सोनाराचा बारीक काटा पुरतो.

चकतीची कड खरोखर टांकसाळीत तुटली असेल, तर तिच्या बरोबर समोरची कडही कमजोर, पुसट दिसते. कारण कड उचलताना दाब दोन्हीकडून लागतो. नंतर कापलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते. खरे ब्रॉकेज एका बाजूला खोल असले, तरी दुसऱ्या बाजूचे चित्र साधारण नीट असते. दोन नाणी शिकंज्यात दाबून केलेल्या नकलेत दुसरी बाजू चेपलेली, सपाट असते. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग गायब असेल, तर आतली कड पाहावी. ठोकून काढल्याच्या खुणा तिथे राहतात.

वजन तर खोटे बोलतच नाही. १९९२च्या स्टीलच्या रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम, जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याचे नऊ ग्रॅम, दोन धातूंच्या दहा रुपयांच्या नाण्याचे ७.७१ ग्रॅम. वजन भलतेच भरले तर प्रश्न विचारायचा. ॲसिडमध्ये बुडवलेले नाणे पातळ, हलके आणि अक्षरांच्या कडा विरघळलेले असते. शिवाय चलनातले नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे २०११च्या नाणे कायद्याने निषिद्ध आहे.

मग शेवटी किंमत ठरते कशावरून?

चार गोष्टींवरून. धातू, दुर्मीळता, प्रत आणि मागणी. जुनेपणा या यादीत नाही. हजार वर्षांपूर्वीचे तांब्याचे नाणे ढिगाने सापडत असेल तर स्वस्त असते. त्याहून कितीतरी अलीकडचा १९३९चा रुपया मात्र महाग.

वैष्णोदेवीच्या चित्राची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ची. ती चलनासाठीच मोठ्या संख्येने निघाली. चलनातून आलेल्या, झिजलेल्या अशा नाण्याला दर्शनी किमतीच्या फार पुढे जाण्याचे कारण नाही. संकेतस्थळावर कुणी त्याला पाच लाखांचा आकडा लावला असेल, तर ती मागितलेली किंमत झाली, मिळालेली नव्हे. किंमत पाहायची ती लिलावगृहांच्या निकालांतली, म्हणजे नाणे प्रत्यक्षात कितीला गेले ती.

इस्लापूरच्या गाठोड्यातल्या बहुतेक हाली आणि कलदार रुपयांचे खरे मोल त्यातल्या चांदीच्या आसपास किंवा थोडे वर, एवढेच निघेल. निराश होण्याचे कारण नाही. पंचवीस रुपये असतील, तर तेवढ्या चांदीतच एका घराची निकड भागू शकते. आणि त्या पंचवीसांत एखादे वेगळ्या सालाचे, अर्ध्या ऐनचे किंवा रेखीव प्रतीचे असेल, तर ते वेगळे काढण्याइतके ज्ञान घरातच हवे. सराफ वजन करतो, साल वाचत नाही. त्याचे ते कामही नाही.

फसवणूक कोणत्या वाटांनी होते?

पहिली वाट आगाऊ पैशांची. ‘तुमचे नाणे घ्यायला कंपनी तयार आहे, फक्त नोंदणी, कर, कमिशन आधी भरा.’ रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून असे पैसे उकळले जात असल्याचे लक्षात आल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर इशारा दिला. आपण असा व्यवहार करत नाही, असे शुल्क घेत नाही आणि कुणालाही त्याचे अधिकार दिलेले नाहीत, असे बँकेने स्पष्ट केले. खरा ग्राहक पैसे देतो, मागत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरी वाट बनावट ‘देवाच्या’ नाण्यांची. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १६१६ किंवा १८१८ असे साल आणि वर हनुमान, राम दरबार किंवा ओम. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ही अलीकडे बनवलेली टोकन आहेत. तिसरी वाट ‘तांदूळ ओढणाऱ्या’ नाण्याची, म्हणजे ‘राइस पुलर’ची. तांदूळ खेचणारे तांबे, त्याला कोट्यवधींचा परदेशी ग्राहक, तपासणीसाठी शास्त्रज्ञ, त्याचा खर्च मात्र तुमचा. असे कोणतेही नाणे नसते. तांदळात लोहकण मिसळून किंवा नाण्यात चुंबक बसवून हा खेळ करता येतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदतवाहिनीवर तातडीने तक्रार करावी.

शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर?

ती घरातल्या नाण्यांसारखी नव्हेत. जमिनीत पुरलेल्या धनाविषयी देशातला मूळ कायदा १८७८चा भारतीय गुप्तधन कायदा. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे काही सापडले, तर त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, हे त्याचे सूत्र. लपवणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. म्हणून मडके सापडले की वाटून न घेता, न घासता, जागा न विस्कटता तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवावे. नाणी कुठे, किती आणि कशासोबत सापडली, यावरून त्या भागाचा इतिहास उलगडतो. ती विखुरली की त्यांची साक्ष बुडते. तसेच शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही.

विकायचे किंवा दाखवायचे असेल तर काय करावे?

आधी घरी यादी करावी : प्रत्येक नाण्याचे साल, वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र. चुंबक लावून चांदी आणि निकेल वेगळे करावे. धातुमूल्य काढून ठेवावे. मग किमान दोन-तीन जाणकारांना दाखवावे आणि तळापेक्षा खाली सौदा करू नये. दुर्मीळ वाटणारे नाणे लिलावगृहाला आधी छायाचित्राने दाखवावे, टपालाने पाठवू नये. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८०मध्ये स्थापन झालेली भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे मौद्रिक संग्रहालय इथे अस्सल नाणी पाहून डोळा तयार करता येतो.

आणि एक काम विनामूल्य आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते नाणे दाखवून विचारावे, की हे आले कुठून? कापसाच्या पट्टीतून, हुंड्यातून की नदीपलीकडच्या बाजारातून? ते उत्तर चिठ्ठीवर लिहून नाण्यासोबत ठेवावे. नाणे शेवटी चांदीच्या भावाने गेले, तरी ती चिठ्ठी घरात राहील.